फुकट मिळणारी नवी संगणक प्रणाली : घ्यावी की थांबावे?

सेनगाव हा हिंगोली जिल्ह्यातील पाच तालुक्यांपैकी एक होय. सोयाबीन, तूर, कापूस आणि हळद ही या भागातील नित्याची पिके. येथील शेतकऱ्याचे काम पूर्वी तलाठ्याची चावडी, सोसायटी आणि बाजार समिती या तीन ठिकाणी संपत असे. आता त्यात चौथ्या ठिकाणाची भर पडली आहे. ते ठिकाण म्हणजे सेवा केंद्रातील संगणक. पीकविम्याचा अर्ज, महाडीबीटीवरील अवजारांची मागणी, शेतकरी ओळख क्रमांक, सातबाराचा डिजिटल उतारा, ही सर्व कामे त्या एका यंत्रापुढे बसून करावी लागतात. ते यंत्र एक दिवस बंद पडले तर पन्नास माणसांची खेप वाया जाते.

२०२५ च्या सप्टेंबर महिन्यात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली व हिंगोली जिल्हाही तीतून सुटला नाही. काढणीस आलेल्या सोयाबीनची हानी झाली आणि मदतीची कागदपत्रे पुरी करण्याकरिता गावोगावची माणसे सेवा केंद्रांकडे वळली. नेमक्या त्याच सुमारास, म्हणजे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या आपल्या जुन्या कार्यप्रणालीची नियमित देखभाल थांबविली. विंडोज ११ ही तिच्या पुढची प्रणाली असून, पात्र असलेल्या संगणकांस ती विनामूल्य मिळते, अशा आशयाची सूचना पडद्यावर वारंवार येऊ लागली. दारात रांग लागलेली असताना केंद्रचालकाने त्या सूचनेस ‘होय’ म्हणावे की ‘नंतर’ म्हणावे, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. परंतु त्यावर गावाचे दप्तर आणि शेतकऱ्यांची कामे अवलंबून असल्यामुळे त्याचा नीट विचार करणे अगत्याचे आहे.

कार्यप्रणाली म्हणजे काय?

संगणकाचे लोखंड, तारा व पडदा ही त्याची काया होय. त्या कायेकडून काम करवून घेणारी जी मूळ व्यवस्था असते तिला कार्यप्रणाली म्हणतात. कळफलकावर दाबलेले अक्षर पडद्यावर उमटविणे, प्रिंटरकडे कागद धाडणे, अंगठ्याच्या यंत्राची नोंद घेणे, ही सर्व कामे तिच्यामार्फत होतात. चोर जसे घराचे कच्चे कवाड हेरतात, तसे संगणकांत शिरू पाहणारे लोक या प्रणालीतील उणिवा हेरीत असतात. उणीव लक्षात आली की कंपनी तिच्यावर दुरुस्ती पाठविते. या दुरुस्तीला ‘अपडेट’ म्हणतात. संपूर्ण प्रणालीच बदलून नवी आवृत्ती बसविणे याला ‘अपग्रेड’ म्हणतात. पहिली गोष्ट म्हणजे घराची डागडुजी आणि दुसरी म्हणजे नव्या घरात बिऱ्हाड हलविणे होय. या दोहोंत अनेकांची गल्लत होते व त्यामुळे डागडुजीही नाकारली जाते. डागडुजी बहुधा ताबडतोब करून घ्यावी. बिऱ्हाड हलविण्यास मात्र मुहूर्त पाहावा.

फुकट का देतात?

फुकट मिळणाऱ्या वस्तूविषयी गावकऱ्याच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे आणि ती शंका सर्वस्वी चुकीची नाही. कंपनीस एकाच वेळी अनेक जुन्या प्रणालींची डागडुजी करीत बसणे खर्चाचे असते. सर्व ग्राहक नव्या प्रणालीवर आले म्हणजे तिचा खर्च वाचतो आणि आपल्या इतर सेवा ग्राहकांच्या समोर ठेवण्याची सोयही होते. हा प्रघात नवा नाही. २९ जुलै २०१५ रोजी विंडोज १० बाजारात आली, तेव्हा विंडोज ७ व ८.१ वापरणाऱ्यांना ती एक वर्षपर्यंत विनामूल्य देण्यात आली होती. तात्पर्य, या देण्यात फसवणूक नाही, पण निव्वळ दानधर्मही नाही.

शिवाय किंमत पडत नाही म्हणजे खर्च येत नाही असे नव्हे. नवी प्रणाली उतरवून घेण्यास अनेक जीबी डेटा लागतो. मोबाईलच्या जोडणीवर काम चालविणाऱ्या केंद्राचा दिवसाचा डेटा त्यातच संपून जातो. दोन-चार तासांचा वेळ मोडतो. जुने अंगठ्याचे यंत्र किंवा प्रिंटर नव्या प्रणालीशी जुळला नाही तर तो बदलण्याचा भुर्दंड पडतो. हा सर्व हिशेब मांडल्यावरच ‘फुकट’ या शब्दाचा खरा अर्थ कळतो.

नाकारल्याने काय होते?

विंडोज १० ची देखभाल थांबली म्हणजे ती प्रणाली बंद पडली असे समजू नये. संगणक पूर्वीप्रमाणेच सुरू होतो, अर्जही भरले जातात. फरक इतकाच की, यापुढे सापडणाऱ्या उणिवांवर दुरुस्ती येत नाही. पाझर लागलेला बंधारा पहिल्या दिवशी फुटत नाही, तद्वतच हे आहे.

दुरुस्ती न स्वीकारल्याचा परिणाम २०१७ साली साऱ्या जगाने पाहिला. त्या वर्षी मार्च महिन्यात मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका उणिवेवर दुरुस्ती दिली होती. ज्यांनी ती बसवून घेतली नाही त्यांच्या संगणकांत १२ मे २०१७ पासून ‘वॉनाक्राय’ नावाचा घातक प्रोग्राम शिरला. सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांतील दप्तर कुलूपबंद झाले व ते उघडण्यासाठी खंडणी मागण्यात आली. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांना कित्येक रुग्णांच्या तपासण्या व शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या.

त्यानंतर दीड महिन्याने, २७ जून २०१७ रोजी, ‘नॉटपेट्या’ नावाचा दुसरा हल्ला झाला आणि त्याची झळ महाराष्ट्रास पोहोचली. मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे संगणक त्यात सापडले आणि मुंबईनजीकच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या धक्क्यावरील कामकाज विस्कळीत झाले. कापूस, पेंड व फळे ज्या बंदरातून परदेशी जातात तेथील माल एका सदोष प्रणालीमुळे अडून पडू शकतो, हे त्या वेळी दिसून आले. या दुसऱ्या हल्ल्यातील एक बाब विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्याचा पहिला शिरकाव युक्रेन देशात वापरल्या जाणाऱ्या एका हिशेबी प्रोग्रामच्या अपडेटमधूनच झाला होता. तेव्हा अपडेट घ्यावे हे जितके खरे, तितकेच ते कोठून येत आहे हे पाहणेही आवश्यक आहे.

घाईने घेतल्याने काय होते?

आता दुसरी बाजू पाहू. विंडोज १० च्या फुकट वाटपाच्या काळात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात प्रवासाचा व्यवसाय करणाऱ्या एका बाईंच्या संगणकावर त्यांच्या इच्छेविना नवी प्रणाली बसू लागली, ती पुरती बसली नाही आणि त्यांचा धंद्याचा संगणक कित्येक दिवस निकामी झाला. त्यांनी दाद मागितली व २०१६ साली कंपनीस त्यांना १० हजार डॉलर द्यावे लागले. पुढे ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चे एक मोठे अपडेट निघाले. काही लोकांच्या संगणकांतील कागदपत्रे त्यामुळे पुसली गेल्याच्या तक्रारी आल्या, म्हणून कंपनीने काही दिवसांतच त्याचे वाटप थांबविले आणि दुरुस्त करून ते नोव्हेंबरात पुन्हा दिले. ज्यांनी महिनाभर कळ काढली त्यांचे काहीच बिघडले नाही. ज्यांनी पहिल्याच आठवड्यात घाई केली आणि दप्तराची दुसरी प्रत ठेवली नव्हती, त्यांनी नुकसानीचा धोका पत्करला.

या दोन्ही बाजूंचा विचार करता शेतकऱ्यास परिचित असलेला एक न्याय येथे लागू पडतो. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी मोठ्या प्रमाणावर आल्या होत्या. तेव्हापासून पेरणीपूर्वी उगवणशक्ती तपासण्याचे महत्त्व अनेकांस पटले. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावयाचे आणि सत्तर वा त्याहून अधिक उगवले तरच ते बियाणे शेतात न्यावयाचे. जो चाचणी न करता पेरतो तो फसतो आणि जो नव्या वाणास हातच लावीत नाही तोही मागे पडतो. संगणकाच्या बाबतीत हीच गोणपाटाची चाचणी करावयाची आहे.

पहिली चाचणी : यंत्र पात्र आहे काय?

विंडोज ११ करिता ६४ बिटचा प्रोसेसर, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, ‘सिक्युअर बूट’ची सोय आणि ‘टीपीएम २.०’ नावाची सुरक्षा व्यवस्था एवढ्या गोष्टी लागतात. इंटेल कंपनीचा प्रोसेसर असल्यास तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असावा लागतो. म्हणजे २०१७ पूर्वी घेतलेले बहुतेक संगणक यात बसत नाहीत. ही तपासणी करण्यासाठी मायक्रोसॉफ्टचाच ‘पीसी हेल्थ चेक’ नावाचा विनामूल्य प्रोग्राम आहे. काही संगणकांत टीपीएम असूनही ते बंद ठेवलेले असते. जाणकाराकडून ते सुरू करून घेतल्यास संगणक पात्र ठरतो.

राज्यातील ग्रामपंचायतींमध्ये २०११ पासून संग्राम प्रकल्पाच्या निमित्ताने संगणक आले आणि पुढे २०१६ पासून आपले सरकार सेवा केंद्रांचे काम सुरू झाले. त्या काळातील एखादे यंत्र अद्याप चालू असल्यास त्यास नवी प्रणाली मिळणार नाही हे गृहीत धरावे. अपात्र यंत्रावर आडवाटेने विंडोज ११ बसवून देणारे कारागीर शहरांत भेटतात. तो मार्ग सार्वजनिक दप्तराच्या संगणकासाठी योग्य नव्हे, कारण अशा यंत्रास पुढील अपडेट मिळतीलच अशी शाश्वती कंपनी देत नाही.

दुसरी चाचणी : जोडलेले साहित्य चालेल काय?

सेवा केंद्राचा संगणक एकटा काम करीत नाही. आधार पडताळणीसाठी अंगठ्याचे यंत्र, ग्रामपंचायतीच्या कामासाठी डिजिटल स्वाक्षरीचा डोंगल, प्रिंटर आणि स्कॅनर ही त्याची जोडअवजारे होत. ट्रॅक्टर नवा घेतला आणि जुना रोटाव्हेटर त्यास जुळला नाही तर हंगाम बुडतो. म्हणून प्रत्येक साहित्यावरील कंपनीचे नाव व मॉडेल वहीत लिहून काढावे आणि विंडोज ११ करिता त्याचा चालक प्रोग्राम, म्हणजे ‘ड्रायव्हर’, उपलब्ध आहे की नाही, हे त्या त्या कंपनीच्या संकेतस्थळावर पाहावे. शेजारच्या केंद्रचालकाने नवी प्रणाली घेतली असेल व त्याचे साहित्य तेच असेल तर त्याचा अनुभव अवश्य विचारावा. कोणत्याही जाहिरातीपेक्षा तो अधिक उपयोगी ठरतो.

मराठी टंकांची बाब यातच येते. ग्रामपंचायतींचे व सोसायट्यांचे जुने ठराव, याद्या आणि पत्रे अनेक ठिकाणी युनिकोडपूर्व टंकांत टंकलिखित केलेली आहेत. तो विशिष्ट टंक संगणकात नसल्यास तीच पत्रे अर्थहीन खुणांच्या ओळींसारखी दिसतात. मजकूर नष्ट झालेला नसतो, परंतु वाचता येत नाही. म्हणून यंत्र बदलण्यापूर्वी जुने टंक वेगळे जतन करून ठेवावेत आणि महत्त्वाच्या कागदांची पीडीएफ प्रत काढून घ्यावी. नवे लेखन मात्र युनिकोडमध्येच करावे.

तिसरी चाचणी : दप्तराची दुसरी प्रत आहे काय?

बियाणे सारेच पेरून कणगी रिकामी करणारा शेतकरी शहाणा मानला जात नाही. तसेच, दप्तराची दुसरी प्रत नसताना प्रणाली बदलणे हे धाडस होय. ठराव, हिशेब, लाभार्थ्यांच्या याद्या, छायाचित्रे आणि डिजिटल स्वाक्षरीसंबंधीची कागदपत्रे बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवावीत. ती डिस्क संगणकास जोडलेली न ठेवता कपाटात कुलूपबंद ठेवावी, कारण जोडलेल्या डिस्कवरही खंडणीखोर प्रोग्राम हात घालतो. प्रत उतरविल्यावर दोन-चार फायली उघडून पाहाव्यात. न तपासलेली प्रत ही नसल्यासारखीच.

पात्र नसलेल्या यंत्राचे काय?

यंत्र चालू आहे, पण नव्या प्रणालीस पात्र नाही, अशा वेळी तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग मुदतवाढीचा. घरगुती वापराच्या विंडोज १० संगणकांसाठी सुरक्षा दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळण्याची योजना कंपनीने जाहीर केली. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने नोंदणी करून संगणकाच्या सेटिंग्ज त्या खात्याशी जोडल्यास ती विनामूल्य, अन्यथा ३० डॉलर भरून मिळते. कार्यालये व संस्था यांच्यासाठी ही मुदतवाढ वेगळी असून तीस दरवर्षी वाढत जाणारे शुल्क पडते. ही योजना म्हणजे पुढील व्यवस्थेसाठी मिळालेली उसंत होय, कायमचा तोडगा नव्हे.

दुसरा मार्ग लिनक्सचा. ही प्रणाली मुळातच खुली व विनामूल्य असून जुन्या यंत्रावरही बरी चालते. तिचे अनेक प्रकार आहेत. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या केंद्र सरकारच्या संस्थेने भारतीय भाषांची सोय असलेली ‘बॉस’ ही प्रणाली याच पायावर तयार केली आहे. केरळ राज्यातील सरकारी शाळांत अशा मुक्त प्रणालीवर कित्येक वर्षे शिक्षण चालू आहे. पत्रलेखन, हिशेब, वाचन आणि मुलांचा अभ्यास यांसाठी ती पुरेशी आहे. मात्र अंगठ्याची यंत्रे व स्वाक्षरीचे डोंगल यांचे चालक प्रोग्राम बहुधा विंडोजसाठी केलेले असतात. सबब सेवा केंद्राच्या मुख्य संगणकावर लिनक्स बसविण्यापूर्वी ही अडचण सुटते की नाही, याची खात्री करून घ्यावी. घरच्या किंवा शाळेच्या जुन्या संगणकासाठी हा मार्ग उत्तम आहे.

तिसरा मार्ग नव्या यंत्राचा. ग्रामपंचायतीच्या बाबतीत तो मासिक सभेसमोर ठेवून, निधीची तरतूद पाहून व रीतसर दर मागवूनच घ्यावा. जुने यंत्र मोडीत काढताना त्यातील साठवण पुसून मगच ते द्यावे, कारण त्यात गावकऱ्यांचे आधार व बँक खात्यांचे तपशील असतात.

केव्हा करावे?

सर्व चाचण्या अनुकूल असल्या तरी वेळ चुकल्यास काम बिघडते. खरीप पीकविम्याची अखेरची तारीख बहुधा जुलैच्या शेवटास येते. त्या पंधरवड्यात, किंवा नुकसानभरपाईची कागदपत्रे चालू असताना, मुख्य संगणकाची प्रणाली बदलणे म्हणजे पेरणीच्या दिवशी तिफण सुताराकडे नेण्यासारखे होय. अर्जांची गर्दी ओसरलेली असेल असा आठवडा निवडावा. शनिवारी दुपारी काम सुरू केल्यास रविवार हाताशी राहतो. वीज केव्हा जाईल याचा नेम नसल्यामुळे इन्व्हर्टर किंवा यूपीएसवाचून हे काम हाती घेऊ नये, आणि लॅपटॉप असल्यास तो पूर्ण चार्ज करून विजेस जोडून ठेवावा. केंद्रात दोन संगणक असतील तर आधी कमी कामाच्या संगणकावर प्रयोग करावा व आठवडाभर पाहून मग दुसऱ्यास हात लावावा. प्रणाली बदलल्यानंतर दहा दिवसांच्या आत जुन्या प्रणालीकडे परत जाण्याची सोय विंडोज ११ मध्ये आहे. म्हणून त्या दहा दिवसांत अंगठा, स्वाक्षरी, छपाई आणि स्कॅनर या चारही कामांची प्रत्यक्ष परीक्षा घ्यावी.

फसवणुकीपासून सावध

फुकटच्या नावाखाली ठगही फिरत असतात. खरी प्रणाली संगणकाच्या सेटिंग्जमधील ‘विंडोज अपडेट’ या जागेतून किंवा मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच येते. ‘तुमचे विंडोज संपले आहे, या क्रमांकावर फोन करा’ अशी पाटी पडद्यावर आली, किंवा व्हॉट्सॲपवर एखादी फाईल येऊन ती बसविण्याचा आग्रह झाला, तर तिकडे दुर्लक्ष करावे. खऱ्या अपडेटसाठी कोणी ओटीपी, एटीएमचा पिन अथवा बँकेचा तपशील विचारीत नाही. पैशाची फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पहिल्या काही तासांत तक्रार झाल्यास रक्कम अडविली जाण्याची शक्यता अधिक असते.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. लहान अपडेट लांबणीवर टाकू नये. मोठे अपग्रेड चाचणीवाचून घेऊ नये.

२. यंत्राची पात्रता, जोडसाहित्य आणि दप्तराची दुसरी प्रत या तिन्ही बाबी पाहिल्याखेरीज ‘होय’ म्हणू नये.

३. सार्वजनिक संगणकाचा निर्णय एकट्या केंद्रचालकाने घेऊ नये. ग्रामपंचायत अधिकारी आणि पंचायत समितीतील तांत्रिक कर्मचारी यांचा सल्ला घ्यावा.

४. अर्जाच्या अखेरच्या पंधरवड्यात प्रणालीस हात लावू नये.

५. यंत्र अपात्र असल्यास ते कोणत्या तारखेपर्यंत चालवावयाचे हे आजच ठरवून त्याची नोंद वहीत करावी.

रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्यास विंडोज १० आणि ११ यांतील फरक ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याच्या हाती आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक असते, घरी शेताचे काम खोळंबलेले असते, आणि आपला अर्ज आज जाईल की उद्या पुन्हा यावे लागेल, एवढेच त्यास हवे असते. त्या अर्जाची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याने पडद्यावरील सूचनेस केवळ फुकट आहे म्हणून होकार देऊ नये आणि केवळ फुकट आहे म्हणून तिचा संशयही घेऊ नये. बियाण्याप्रमाणे ती पारखून घ्यावी, योग्य वाफसा पाहून पेरावी, आणि तत्पूर्वी कणगीत पुरेसे राखून ठेवावे. एवढी दक्षता घेतल्यास नव्या प्रणालीचा लाभही मिळेल आणि गावाचे दप्तरही सुरक्षित राहील.